खुर्चीवर टॉवेल टाकून ठेवू का?

पत्र:

ताई, दोन महिन्यांनी आम्ही दहाजण सात रात्रींच्या क्रूझला निघालोय. मी, नवरा, आमची दोन मुलं (मुलगी १४ ची, मुलगा ९ चा), सासू-सासरे, वन्सं, त्यांचे यजमान आणि त्यांची दोघं. वन्सं याआधी दोनदा जाऊन आल्यात, त्यामुळे पुढारपण त्यांच्याकडे. फॅमिली ग्रुपवर रोज एक सूचना पडते. जहाज सुटायच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी पोचायचं. चुंबकाचे हुक न्यायचे. सुरक्षेच्या ड्रिलला सगळ्यांनी जायची गरज नाही, एकाने सगळ्यांची जहाजाची ओळखकार्डं घेऊन जावं. पहाटे उठून पोहण्याच्या तलावाशेजारच्या दहा खुर्च्यांवर टॉवेल टाकून ठेवायचे (हे काम माझ्याकडे आलंय). टिपचे पैसे खात्यावर आपोआप लागतात, ते काउंटरवर जाऊन काढून घ्यायचे. आणि बंदरावर वेळेची चिंता नको, जहाज माणसं मोजल्याशिवाय हलत नाही.

मला यातलं बरंच खटकतंय, पण मी पहिल्यांदाच चाललेय, बोलणार कोणत्या तोंडाने? नवरा म्हणतो, "ताईला माहितीये ना, मग झालं." सासूबाईंचे गुडघे दुखतात. सासऱ्यांना रक्तदाब आणि काचबिंदू आहे. मला साध्या गाडीतही मळमळतं, बोट तर लागणारच. काय करू?

– चढण्याआधीच दमलेली

उत्तर:

तुमच्या वन्संची यादी मी दोनदा वाचली. सहांपैकी दोन सूचना सोन्यासारख्या आहेत. एक निव्वळ गैरसमज आहे. उरलेल्या तिन्हींत आपली सोय दुसऱ्याच्या पदरात हात घालून काढलेली आहे. तुम्हाला खटकतंय ते बरोबर खटकतंय, आणि त्यासाठी आधी क्रूझ करून आलेलं असावं लागत नाही.

ड्रिलपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळ्यात थोडं इकडेतिकडे चालेल, यात नाही.

१३ जानेवारी २०१२ च्या संध्याकाळी कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज इटलीतल्या चिविताव्हेक्किया बंदरातून निघालं. निघून तीन तासही झाले नव्हते, तोवर जील्यो बेटाजवळच्या खडकावर आपटलं. ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालीच नव्हती, ती दुसऱ्या दिवशी ठेवलेली होती. आणि हे नियमाला धरूनच होतं, कारण तेव्हाचा नियम चढल्यापासून २४ तासांत ड्रिल घ्या असा होता. अपघातानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या ड्रिल झालीच पाहिजे. ज्या आंतरराष्ट्रीय करारात हे कलम आहे तो सोलास करारही असाच जन्माला आला: टायटॅनिक बुडालं १९१२ मध्ये, करार झाला १९१४ मध्ये. समुद्रावरचे नियम असे माणसं गेल्यावर लिहिले जातात, म्हणून ते टाळण्यात हुशारी आहे असं मला कधी वाटलं नाही.

शिवाय आता ड्रिल पूर्वीसारखी कंटाळवाणी राहिलेली नाही. लाइफजॅकेट घालून तासभर रांगेत उभं राहण्याचे दिवस बहुतेक जहाजांवर गेले. फोनवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर एक चित्रफीत बघायची, मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं. कर्मचारी लाइफजॅकेट कसं बांधायचं ते दाखवतो, की झालं. पण जायचं प्रत्येकाने. दहा कार्डं घेऊन एकजण गेला तर त्याला परत पाठवतील, मग राहिलेल्यांची नावं पुकारली जातील, आणि तरीही जो येत नाही त्याला बंदरावर उतरवण्याचा अधिकार कप्तानाला असतो. दहाजणांच्या सहलीची सुरुवात लाउडस्पीकरवर आडनाव ऐकून व्हावी असं वन्संनाही वाटणार नाही.

मुलांना एक पाठ करायला लावा: सात छोटे भोंगे आणि मग एक लांब. हा आणीबाणीचा इशारा. मुलाला विचारा, तो तुमच्याआधी पाठ करेल. सासूबाईंना घेऊन केबिनपासून त्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालून या, कारण खऱ्या प्रसंगात लिफ्ट वापरायची नसते. गुडघ्यांना ते झेपत नाही असं दिसलं तर पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगून ठेवा. अशा प्रवाशांची वेगळी यादी असते आणि त्यांना न्यायला माणूस नेमलेला असतो. न सांगितलं तर तो माणूस येणार कुठून?

आता खुर्च्या. तुमच्यावर पडलेलं हे काम अजिबात करू नका.

जहाजावर तलावाजवळच्या खुर्च्या प्रवाशांच्या संख्येइतक्या कधीच नसतात. सगळे एकाच वेळी तिथे येणार नाहीत या हिशेबावर ती मांडणी असते. पहाटे दहा टॉवेल टाकून तुम्ही नाश्त्याला गेलात, की तो हिशेब मोडतो. बऱ्याच जहाजांवर पाटी असते की अमुक मिनिटं, साधारण अर्धा-पाऊण तास, खुर्चीवर कोणी नसेल तर सामान उचललं जाईल. आणि ते खरंच उचलतात. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या पहिल्याच प्रवासात मी एका खुर्चीवर पुस्तक आणि चष्म्याचं घर ठेवून "पाच मिनिटांत" जेवून यायला गेले. ती पाच मिनिटं किती झाली ते मला परत आल्यावर कळलं. खुर्चीवर एक आजोबा डाराडूर झोपले होते आणि माझं पुस्तक टॉवेलच्या काउंटरवर होतं. तिथला मुलगा इतक्या नम्रपणे ते माझ्या हातात देत होता, की त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

दहा खुर्च्या एकत्र मिळाव्यात हा हट्टच सोडा. दिवसभर समुद्रात असतो त्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी तीन तिथे जत्रा असते. जहाज बंदराला लागलेलं असताना डेक ओस पडलेला असतो. तलाव मनासारखा हवा असेल तर एखादं बंदर सोडून द्या आणि जहाजावरच राहा. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना तर हा सगळ्यात सुखाचा दिवस वाटेल. एरवी सावलीतल्या खुर्च्या खालच्या डेकवर, जहाजाच्या मागच्या बाजूला, बाहेरच्या फिरायच्या वाटेवर असतात, तिथे गर्दीही कमी. आणि उलटं झालं, म्हणजे दुसऱ्या कोणाचा टॉवेल तासभर नुसताच पडलेला दिसला, तर तो आपल्या हाताने काढू नका. तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. दोन कुटुंबांची टॉवेलवरून जुंपली की पुढचे सहा दिवस ती लिफ्टमध्ये, बुफेत, जिन्यावर एकमेकांना दिसत राहतात. हॉटेल सोडून दुसरीकडे जाता येतं, जहाजावर तसं नाही.

टिपबद्दल मात्र मी थोडी कडक आहे. बहुतेक कंपन्या दर माणशी, दर दिवशी ठरावीक रक्कम तुमच्या खात्यावर लावतात. काही कंपन्यांच्या भाड्यातच ती धरलेली असते, तेव्हा आधी तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा. ही रक्कम तुमची केबिन आवरणाऱ्या माणसाला आणि टेबलावर वाढणाऱ्याला मिळते, आणि सहसा त्यातून पडद्यामागच्या माणसांचाही वाटा निघतो: चादरी धुणारे, भांडी घासणारे, ज्यांचं तोंडही आपण बघत नाही. काउंटरवर जाऊन ती कमी करून घेता येते हे बऱ्याच जहाजांवर खरं आहे. वन्सं खोटं सांगत नाहीत. पण ती सोय सेवा खरोखर वाईट मिळाली तर आहे, प्रवास स्वस्तात पाडण्यासाठी नाही.

ही माणसं सलग कित्येक महिन्यांच्या करारावर असतात. सागरी कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार २००६ चा, लागू झाला २०१३ मध्ये. तो काय म्हणतो? २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. आठवड्यात तास असतात १६८. वजाबाकी तुमच्या लेकीला करायला सांगा. आणि ते उत्तर डोक्यात ठेवून मग काउंटरवर जाऊन "ते पैसे काढा" म्हणायचं का, हे तुमच्या यजमानांना ठरवू द्या. माझ्या मते ही रक्कम निघण्याआधीच तिकिटाच्या खर्चात मिळवून टाकावी, म्हणजे शेवटच्या दिवशी बिल बघून पोटात गोळा येत नाही. खोली नीट आवरली जात नसेल तर त्याच दिवशी सांगा. सहा दिवस गप्प बसून सातव्या दिवशी पैसे कापणं म्हणजे समोरच्याला सुधारायची संधीच न देणं.

बिलाचंच निघालंय म्हणून: जहाजावर सगळा व्यवहार कार्डावर चालतो आणि चढताना ते कार्ड तुमच्या बँकेच्या कार्डाला जोडतात. तिथे शक्यतो डेबिट कार्ड देऊ नका. खर्च झाला नसला तरी काही रक्कम अडकवून ठेवतात, आणि ती मोकळी व्हायला घरी आल्यावरही दिवस लागतात. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून घ्या. व्हिडिओ गेमच्या खोलीत तेच कार्ड चालतं.

गैरसमज कोणता ते आता सांगते. जहाज माणसं मोजतं, हे खरं. उतरताना-चढताना गँगवेवर, म्हणजे जहाजात ये-जा करायच्या पुलावर, प्रत्येकाचं कार्ड तपासतात आणि पडद्यावर फोटो येतो, त्यामुळे कोण बाहेर राहिलंय हे त्यांना नावानिशी माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि थांबणं वेगळं. धक्का तेवढ्याच वेळापुरता मिळालेला असतो, वाटाड्या पायलट येऊन उभा असतो, कधी भरती-ओहोटी गाठायची असते, आणि उशीर झाला की पुढच्या बंदरापर्यंत वेग वाढवून इंधन जाळावं लागतं. दोन माणसांसाठी तीन हजार माणसांचा दिवस कोण बिघडवेल? फार तर केबिनच्या तिजोरीतून तुमचे पासपोर्ट काढून धक्क्यावरच्या एजंटाकडे देतील आणि निघून जातील. पुढच्या बंदरापर्यंत तुम्ही आपल्या खर्चाने आणि आपल्या व्हिसावर पोचायचं. वरच्या डेकवरची माणसं धक्क्यावर धावणाऱ्यांना बघायला गोळा होतात, टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात. त्या व्हिडिओत तुमच्या सासूबाई नकोत.

जहाजानेच आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला तर मात्र ते थांबतात, किंवा पुढे पोचवायची व्यवस्था करतात. बाहेरची टॅक्सी घेण्यात गैर काहीच नाही, मी स्वतः घेते. पण मग लांबचं ठिकाण सकाळी उरकायचं, दुपारी बंदराजवळच राहायचं, आणि जहाजावर परतण्याच्या वेळेआधी दीड-दोन तास धक्क्याच्या आसपास असायचं. ही परतण्याची वेळ जहाज सुटण्याच्या वेळेआधी अर्धा ते एक तास असते, दोन्हींत गल्लत करू नका. आणखी एक मेख आहे. जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ नेहमी जुळतंच असं नाही. फोन किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडतो आणि आपल्याला न विचारता वेळ बदलतो. म्हणून एका तरी माणसाच्या मनगटावर साधं, काट्याचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलेलं असू द्या. सासऱ्यांकडे हे खातं द्या, त्यांना आवडेल. केबिनमध्ये रोज येणाऱ्या पत्रकावर बंदरावरच्या एजंटाचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. याला टेंडर म्हणतात. बोट खालीवर होत असताना पाऊल टाकायचं असतं आणि चाकाची खुर्ची प्रत्येक वेळी नेता येतेच असं नाही. तुमच्या प्रवासात असं बंदर कोणतं ते आत्ताच विचारून घ्या, म्हणजे सासूबाईंना ऐन वेळी "तुम्ही वरच बसा" असं ऐकावं लागणार नाही.

तुमच्या मळमळीविषयी. बोट लागते तेव्हा पोट निर्दोष असतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळे केबिनच्या भिंतींकडे बघून सांगतात की काही हलत नाहीये, आणि मेंदू या भांडणात सापडतो. म्हणून क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटतं. डोळ्यांना पुरावा मिळतो. फोन आणि पुस्तक बाजूला ठेवायचं तेही यासाठीच. केबिन अजून बदलून मिळत असेल तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घ्या. सी-सॉच्या मधल्या खिळ्याजवळ बसलं की कमी वरखाली होतं, तसंच. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते जहाजाचं कुशीवर डोलणं बरंच कमी करतात, पुढचं-मागचं टोक वरखाली होणं मात्र त्यांच्याने थांबत नाही. ते टोकाच्या केबिनवाल्यांच्या नशिबी. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू होण्याआधी, नंतर तिचा फारसा उपयोग नसतो. पण कोणती आणि किती हे डॉक्टरांना विचारा, कारण बहुतेक गोळ्यांनी झोप येते. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी वन्संकडे असेल तर ती सासऱ्यांना प्रेमाने चिकटवू देऊ नका. काचबिंदूच्या काही प्रकारांत ती धोक्याची असते आणि उतारवयात तिने भ्रमही होऊ शकतो.

केबिन निवडताना आणखी एक बघा. डोक्यावर आणि पायाखाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी जागा घ्या. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवण्याची घरघर तुमच्या उशाशी ऐकू येईल. टॉवेलवाल्या मंडळींचा हा आणखी एक प्रसाद.

आता हात धुण्याची गोष्ट. किरकोळ वाटते, पण जहाजावर सहल बुडवणाऱ्या गोष्टींत हिचा नंबर वरचा आहे. नोरोव्हायरस नावाचा उलट्या-जुलाबांचा विषाणू बंदिस्त गर्दीत भराभर पसरतो, आणि दाराशी ठेवलेल्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. साबण आणि पाणी, वीस सेकंद घासून, बुफेत शिरण्याआधी प्रत्येक वेळी. वाढून घेताना चिमटा वापरायचा, बोटं नाही. दुसऱ्यांदा घ्यायला जाताना ताजी ताटली घ्यायची. आणि कोणाला त्रास सुरू झालाच तर लपवू नका. लोक लपवतात, कारण दवाखान्यात सांगितलं की केबिनमध्ये एक-दोन दिवस वेगळं ठेवतात. अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांवर प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांनी असा त्रास नोंदवला की तिथली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था तो उद्रेक म्हणून जाहीर करते. यावरून जहाजवाले याला किती घाबरत असतील ते समजा. तुमच्या ९ वर्षांच्या मुलाने दोन दिवस केबिनमध्ये कार्टून बघणं, हे त्याच्या आजोबांना सलाइन लागण्यापेक्षा बरं.

सलाइनवरून आठवलं. जहाजावर डॉक्टर असतो, पण तो फुकट नसतो, आणि गंभीर दुखणं असेल तर किनाऱ्यावर किंवा हेलिकॉप्टरने हलवावं लागतं. सासू-सासऱ्यांचा विमा काढताना त्यात हे हलवणं धरलंय का आणि त्यांचे जुने आजार वगळलेत का, ही दोनच वाक्यं शोधा. बाकीचं पत्रक नाही वाचलं तरी चालेल.

बाल्कनी मिळाली असेल तर तिच्याबद्दल मला बरंच बोलायचंय, पण आवरतं घेते. तिथून काहीही खाली टाकायचं नाही, कागदाचा कपटासुद्धा. समुद्रात प्लास्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय कायद्याने बंदी आहेच, पण वाऱ्याने ती वस्तू खालच्या मजल्यावर परतही येते. सिगरेटचं थोटूक तर मुळीच नाही. मार्च २००६ मध्ये कॅरिबियन समुद्रात स्टार प्रिन्सेस जहाजाच्या बाल्कन्यांना पहाटे आग लागली आणि धुराने एका प्रवाशाचा जीव गेला. कारण बहुधा असंच एक थोटूक होतं. ओला टॉवेल कठड्यावर वाळत घालू नका, उडून जातो. मुलांना कठड्याशेजारी खुर्ची सरकवू देऊ नका. बाल्कनीचं दार आणि केबिनचं दार एकदम उघडलं तर वारा असा भपकन घुसतो की बोटं चिरडायची. आणि दोन बाल्कन्यांमध्ये असतो तो नुसता पातळ पडदा. तुम्ही वन्संबद्दल यजमानांशी जे काही बोलाल ते शेजारच्या केबिनपर्यंत पोचेल, आणि दहाजणांच्या बुकिंगमध्ये शेजारची केबिन कोणाची असेल हे मी सांगायला नको.

मुलांचं थोडक्यात. बऱ्याच जहाजांवर तलावाजवळ जीवरक्षक नसतो. पाटी लावलेली असते, वाचा. म्हणजे पाण्यात मूल असेल तेव्हा घरचं एक मोठं माणूस तिथे हवं, आणि "कोणीतरी बघत असेल" हे दहाजणांच्या कुटुंबात फार घातक वाक्य आहे. नाव घेऊन पाळी लावा. फक्त मोठ्यांसाठी राखलेल्या भागात "पाच मिनिटंच" म्हणूनही मुलांना नेऊ नका. लिफ्टची सगळी बटणं दाबणं आणि रात्री कॉरिडॉरमध्ये पळणं, या दोन गोष्टींसाठी मुलांना आधीच दम देऊन ठेवा. लिफ्टमध्ये चाकाच्या खुर्चीला पहिली जागा, आणि धडधाकट माणसाने दोन मजल्यांसाठी जिना घ्यावा. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी लिफ्टची वाट बघत तुम्ही उभ्या राहाल तेव्हा याची किंमत कळेल.

कपड्यांची फार काळजी करू नका. एखाद-दोन रात्री मुख्य भोजनगृहात जरा ठेवणीतलं घालायचं असतं. नको असेल तर त्या रात्री बुफेत जेवा, कोणी विचारत नाही. पोहण्याच्या ओल्या कपड्यांत मात्र जेवायच्या खोलीत शिरू नये. फोन जहाज सुटताच विमानाच्या मोडवर टाका. समुद्रात फोन जहाजाच्या, उपग्रहामार्गे चालणाऱ्या नेटवर्कला आपोआप चिकटतो आणि बिल घरी पोचतं.

हे सगळं वन्संना सांगायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. ग्रुपवर मुळीच नाही. दहाजणांसमोर चूक काढली तर त्या आपल्या टॉवेलच्या मुद्द्यासाठी जीव देतील. आणि तुम्हीही सांगू नका. बहिणीला भावाने सांगावं. "ताईला माहितीये" म्हणून यजमान सुटू बघतायत, त्यांना फोन हातात द्या. बोलायचं ते एवढंच: "ताई, तू आदल्या दिवशी पोचायचं सुचवलंस ते फार बरं केलंस, विमान रखडलं तर जहाज चुकलंच असतं. खुर्च्यांचं मात्र आम्ही करणार नाही, ज्याला जशी मिळेल तशी. टिपचे पैसे आमच्या चौघांचे आणि आई-बाबांचे आम्ही राहू देणार. ड्रिलला आई-बाबांना मी घेऊन जातो." यात तुमचं नाव कुठेही नाही, वन्संवर टीका नाही, आणि त्यांच्या चौघांनी काय करायचं तेही सांगितलेलं नाही. त्यांनी आपली टिप काढून घेतली तर घेऊ द्या. तो त्यांचा हिशेब.

आणि दहाजणांनी दहाही तास एकत्र फिरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. दिवसा आपापलं, रात्रीचं जेवण ठरल्या वेळी एका टेबलावर. दहाजणांचं टेबल हवं असेल तर आत्ताच मागून ठेवा. जेवणाची वेळ ठरवून घेतली असेल तर ती पाळा, कारण पाच माणसं वीस मिनिटं उशिरा आली की वाढणाऱ्याची पुढची दोन टेबलं कोलमडतात. सासऱ्यांना पथ्य असेल तर पहिल्या रात्रीच त्याला सांगा. एकदा सांगितलं की बहुतेक तो रोज स्वतःहून लक्षात ठेवतो.

सामानाचं शेवटचं. चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या केबिनपाशी यायला संध्याकाळही होते. औषधं, पासपोर्ट, चष्मे, मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, मेणबत्त्या आणि सर्ज प्रोटेक्टर असलेला वायरचा बोर्ड नेऊ नका, काढून घेतात. उतरायच्या आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि पहाटेपर्यंत त्या उचलल्या जातात. तेव्हा सकाळी घालायचे कपडे आणि चपला बाहेर काढल्यात ना, हे प्रत्येकाला नाव घेऊन विचारा. एका वर्षी मी सगळं नीट घड्या घालून भरलं, बॅग बाहेर ठेवली, शांत झोपले, आणि सकाळी रात्रीच्या गाउनवर शाल गुंडाळून, केबिनमधल्या कागदी सपाता घालून पासपोर्टच्या रांगेत उभी राहिले. अधिकाऱ्याने फोटो बघितला, मला बघितलं आणि काही न बोलता शिक्का मारला.

चुंबकाचे हुक मात्र वन्संच्या यादीप्रमाणे घेऊन जा, दहा-बारा तरी. केबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात आणि ओले कपडे टांगायला जागा कधीच पुरत नाही. गेल्या खेपेला मी विसरले होते. शेजारच्या केबिनमधल्या बाईंकडून दोन मागून आणले.